मुक्तीचा अधिकारी कोण? पंडिता रमाबाईंचा जीवनशोध

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला आपल्या पंचांगाने मोक्षदा असे नाव दिले आहे. गीताजयंतीही याच दिवशी येते. घरोघरी उपवास होतो, गीतेचे अध्याय म्हटले जातात आणि मोक्ष हा शब्द ओठांवर सहज येतो. परंतु या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी कधीच सोपा मानला नाही. अद्वैत्यांचा मोक्ष निराळा, द्वैत्यांचा निराळा. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा मुक्तीच्या चार पायऱ्या सांगितल्या गेल्या. आणि आमच्या वारकरी संतांनी तर मुक्ती बाजूला ठेवून भक्तिसुखासाठी पुन्हा जन्मच मागितला. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्याबरोबर अधिकारी कोण हेही सांगण्याची रीत आहे. हा अधिकारी कोण, या एकाच प्रश्नाच्या मागे एक विदुषी गंगामुळापासून कलकत्त्यापर्यंत, पुण्यापासून इंग्लंडपर्यंत आणि अखेरीस केडगावच्या माळरानापर्यंत गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. ती ज्या धर्मात गेली, तेथेही मुक्तीच्या अर्थाविषयी असाच जुना वाद चालू असल्याचे तिला आढळले. तिचे चरित्र आजच्या तिथीला आठवावे, ते यासाठी.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न वैदिक ब्राह्मण. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत, हे या शिष्याने पाहिले आणि आपल्याही घरात असेच करावयाचे, अशी खूणगाठ मनाशी बांधली. पुढे पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल समाजाने बोल लावला, तेव्हा शास्त्राधारे आपली बाजू मांडली आणि शेवटी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमेचा जन्म झाला. अतिथी, विद्यार्थी आणि दानधर्म यांत द्रव्य संपले, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे आणि श्रोते ठेवतील त्या शिध्यावर गुजराण करावी, असा क्रम होता. वाटचालीतच मातेने कन्येकडून भागवत मुखोद्गत करून घेतले.

पुढची हकीकत आम्हा पुराण सांगणाऱ्यांनी विशेष मन घट्ट करूनच वाचावी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. या घरात विद्या अपार होती; पण मोलमजुरी कशी करावी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जवळचे किडूकमिडूक दान, व्रते आणि अनुष्ठाने यांत गेले. अन्नान्न दशेत प्रथम पिता गेला, मागोमाग माता गेली, पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यासच या भावंडांनी प्रथम ख्रिस्ती उपासना पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकतात, हे पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले. त्यांना संस्कृत भाषेतील बायबलाची प्रत भेट मिळाली. परंतु त्या संस्कृताचा थाट त्यांच्या परिचयाचा नव्हता आणि आशयही उमगला नाही. त्याच शहरात स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. स्त्री आणि शूद्र यांना वेदाधिकार नाही आणि म्हणून त्या ज्ञानाने मिळणारा मोक्षही याच देही नाही, हा त्यांना त्या ग्रंथांचा निष्कर्ष दिसला. पत्नीला संस्कृत शिकविणाऱ्या पित्याच्या लेकीला हा निष्कर्ष सोसणारा नव्हता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांनाही परमगतीचे आश्वासन दिले आहे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांची चरित्रे आम्ही कीर्तनांतून उभी करतो. म्हणजे आपल्या परंपरेत रमाबाईंच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, असे नाही. परंतु केशवपन करून माजघराच्या अंधारात बसविलेल्या बालविधवेपर्यंत ते उत्तर कितीसे पोहोचले होते? ग्रंथातील आश्वासन आणि घरातील आचार यांच्यामध्ये जी दरी होती, तिच्या काठावर उभ्या राहून रमाबाई प्रश्न विचारीत होत्या.

१८८० साली ढाका येथे बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या त्या घरी बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. चोविशीच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती यांचे वियोग सोसलेली ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली.

पुण्याने त्यांचे स्वागत केले. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठिंब्याने १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी त्यांची साक्ष झाली. याच काळात फादर नेहेम्या गोरे त्यांना भेटत. हे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले दर्शनशास्त्राचे पंडित. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले होते. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याच्या कन्येशी केलेली ती तत्त्वचर्चा होती. पुण्याच्या पंचहौद मिशनात इंग्लंडातील वाँटेज येथील मठाच्या भगिनी काम करीत. १८९० सालच्या चहाप्रकरणामुळे पंचहौदाचे नाव पुणेकरांच्या स्मरणात आहेच. त्याच मठाच्या आश्रयाने रमाबाई १८८३ साली वैद्यक शिकावे म्हणून विलायतेस गेल्या. श्रवणदोषामुळे वैद्यकाचा बेत राहिला.

वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील आपला एक आश्रम दाखविला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळीत. असे करण्याची प्रेरणा कोठून आली, असे विचारता येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना ऐकविण्यात आली. विहिरीवर पाण्यास आलेल्या, परजातीच्या आणि लौकिकाने मलिन ठरलेल्या एका बाईशी येशूने धर्माचे गूढ बोलावे, हे त्या कथेचे मर्म. अधिकारी कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येथे मिळाले, असे रमाबाईंना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे शंका मिटल्या, असे मात्र घडले नाही. खरा वाद तेथून पुढे सुरू झाला. तो समजण्यासाठी ख्रिस्ती धर्मातील मतभेदांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मराठी बायबलात मुक्तीसाठी तारण हा शब्द रूढ आहे. आपण व्यवहारात दागिना तारण ठेवतो. तेथे मात्र तारण म्हणजे तारून नेणे. बायबलाच्या जुन्या भागात तारण म्हणजे बहुधा प्रत्यक्ष सुटका: मिसर देशाच्या दास्यातून अवघे राष्ट्र सुटते, शत्रूच्या हातून राजा वाचतो. येशू या नावाचाच अर्थ परमेश्वर तारतो असा आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत तारणे आणि रोगातून बरे करणे या दोहोंसाठी एकच क्रियापद येते. पौल या प्रेषिताच्या पत्रांत तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती ईश्वरी कृपेने व विश्वासाने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव ठरविला आहे.

एकाच ग्रंथातील या वचनांवरून पंथ निराळे झाले. रोमन कॅथलिक आणि इंग्लंडच्या चर्चमधील परंपरानिष्ठ शाखा यांच्या मते ख्रिस्ताची कृपा चर्चच्या संस्कारांतून माणसापर्यंत येते. बाप्तिस्म्याने नवा जन्म मिळतो आणि पुढील आयुष्य त्या कृपेशी सहकार्य करण्याचे असते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने केवळ विश्वासानेच तारण, असा पुकारा केला. काल्व्हिनने ईश्वराच्या निवडीवर भर दिला, तर अठराव्या शतकात जॉन वेस्लीने हे दार सर्वांना खुले असून हृदय उत्तरोत्तर पवित्र होत जाते, असे सांगितले. पूर्वेकडील प्राचीन चर्चच्या मते माणसाने ईश्वरी स्वभावाचा वाटेकरी होणे हेच तारण. आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेतच. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिलाला आई तोंडात धरून नेते. जीवाने देवाला धरावयाचे की देवानेच जीवाला उचलावयाचे, हा वाद कावेरीच्या काठी झाला तसाच युरोपातही झाला.

वाँटेजचा मठ परंपरानिष्ठ शाखेचा होता. तेथील भगिनी जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून प्रेमाने आजीबाई म्हणत आणि त्याच पत्रांतून त्यांच्याशी कडाक्याचा वादही घालीत. चर्चने ठरविलेले मत निमूटपणे स्वीकारावे, ही गुरूची अपेक्षा; आपल्या सदसद्विवेकबुद्धीला आणि मूळ ग्रंथाला पटेल तेच स्वीकारीन, हा शिष्येचा बाणा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचे गणित, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चमत्कारकथा, सर्वांवर त्यांनी पूर्वपक्ष केला. अथानासियसच्या नावाने चालणाऱ्या प्राचीन मतपत्रिकेत, ती श्रद्धा न मानणाऱ्याचा नाश ठरलेला आहे, असा आशय आहे. तो त्यांना मानवेना. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, त्यांच्या जागी संस्कृत का नसावे, असे त्यांनी विचारले. निरामिष आहार त्यांनी सोडला नाही, तेव्हा त्यात जातीचा अभिमान पाहण्यात आला. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्यांनी पुरुषांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. एक पुरोहितवर्ग सोडून आलेल्या बाईंना दुसरा पुरोहितवर्ग उंबऱ्यावरच भेटला. हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईस ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात हार कोणाचीच झालेली नाही, आणि माया कोणीही सोडलेली नाही.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी साहाय्यक मंडळ स्थापन झाले. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन सुरू झाले आणि १८९० साली ते पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत येथे तटस्थता राहील, असे वचन होते. पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या आनंदीबाई याच सदनातल्या.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनाला दुसरे वळण लागले. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांनी वाचले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे संस्कार करीत होता, उपदेश करीत होता, आणि एके दिवशी आपणच तारलेले नाही, असा त्याला बोध झाला. ते वाचून रमाबाईंना कळून चुकले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. आठ वर्षांपूर्वीचा बाप्तिस्मा म्हणजे तारण नव्हे. अंतःकरणाने पूर्ण शरण जाणे, हेच तारण, असा त्यांचा निश्चय झाला. वाँटेजचे मत मागे पडून त्या विश्वासवाद्यांच्या बाजूला आल्या. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर पिलाने धडपड थांबविली आणि मांजरीने उचलले.

या परिवर्तनाचा परिणाम सदनावर झाल्यावाचून राहिला नाही. बाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी घरी नेले. दोन्ही बाजू आज शांतपणे पाहाव्यात. तटस्थतेच्या भरवशावर मुलगी धाडणाऱ्या बापाचा रोष खोटा नव्हता. उलट, आपल्या खोलीत प्रार्थना करण्याचा हक्क कोणत्या नियमाने काढून घ्यावा, हा बाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. पण या भांडणात एक गोष्ट मागे पडली: त्या मुलींसाठी हिंदू समाजाने तोपर्यंत दुसरे कोणते दार उघडले होते? कर्व्यांची संस्था उभी राहिली ती १८९६ साली.

त्याच वर्षी मध्य हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात माणसे गमावलेल्या रमाबाई तेथे धावून गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवले. १८९८ साली उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीला त्यांनी नाव दिले, मुक्ती. गुजरातेतील १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. या मुक्तीत मुली विणकाम, शिवण, तेलघाणा, शेती, दूधदुभते आणि छापखाना शिकत. वडिलांच्या घरात विद्या होती, पण हाताला काम नव्हते, म्हणून घर बुडाले; ती उणीव कन्येने येथे भरून काढली. पुरुषांनी फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. जुन्या करारातील दास्यविमोचन, येशूचे रोगनिवारण आणि पौलाची पापमुक्ती हे तारणाचे तिन्ही अर्थ केडगावात एकाच आवारात नांदत होते. ही वसाहत मात्र उघड ख्रिस्ती होती; तटस्थतेचे वचन तेथे नव्हते.

१९०५ च्या जूनअखेर तेथे तिसरे वळण आले. प्रार्थनेच्या वेळी मुली ओक्साबोक्शी रडू लागल्या, आत अग्नी पेटल्यासारखे वाटते असे सांगू लागल्या. पुढे काही जणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्याचीही नोंद आहे. विश्वासाने तारण झाल्यावर पवित्र आत्म्याचा निराळा साक्षात्कार व्हावा लागतो काय, आणि अनोळखी भाषा हीच त्याची खूण काय, यावर जगभर ख्रिस्ती मंडळींत फूट पडू लागली होती. मुक्तीत त्या खुणेचा हट्ट धरला गेला नाही. हा गोंगाट काही गोऱ्या मिशनऱ्यांना रुचला नाही. परंतु हिंदी स्त्रियांनी आपल्या रीतीने देव आळवावा, असे सांगून रमाबाईंनी मुलींचीच बाजू घेतली. नामसंकीर्तनात देहभान विसरणाऱ्यांच्या देशात त्यांना ते विचित्र वाटले नसावे.

अखेरची अनेक वर्षे त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, म्हणून सोपी मराठी योजिली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या स्त्रियांनी केले. सरस्वती पदवी मिळविलेल्या पंडितेने संस्कृत शब्द खाली ठेवून घरगुती शब्द उचलावेत, याचे मर्म संस्कृतच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानी घ्यावे. अधिकार ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या हाती ग्रंथ द्यावयाचा, तर तो त्यांच्या बोलीतच द्यावा लागतो. आमच्या ज्ञानोबा माउलींनी गीता मराठीत आणली, ती याच तळमळीने. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.

रमाबाईंची सगळी मते आपल्याला मान्य होतील, असे नाही. आपल्या पुराणांविषयी आणि तीर्थांविषयी त्यांनी पुढे जे कठोर लिहिले, ते वाचताना मन दुखावते. दुसऱ्याचा नाश ठरविणाऱ्या मतपत्रिकेवर तारुण्यात रुसलेल्या बाईंनी उत्तरायुष्यात आपल्या एका तारणाऱ्याखेरीज दुसरा मार्ग मानला नाही, हेही खरे. ज्या घरात निरनिराळ्या मार्गांनी एकाच ठिकाणी जाता येते असे मानतात, त्या घराने येथे त्यांच्याशी मतभेद नोंदवावा. पंथापंथांतील दुरावा मात्र अटळ नसतो, हे त्यांच्याच धर्माने पुढे दाखविले: तारण कृपेने की कृतीने, या ल्यूथरच्या काळच्या वादावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी रोमन कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे एका समाईक घोषणेवर सह्या केल्या. त्याला जवळजवळ पाच शतके लागली.

केडगावची मुक्ती आजही आहे; निराधार स्त्रिया आणि मुले तेथे राहतात. सोलापूरकडे जाणारी गाडी त्या स्थानकावरून जाते. मोक्षदेच्या दिवशी आपण देवापुढे दिवा लावू, गीतेतील नवव्या अध्यायाचे ते आश्वासन पुन्हा वाचू. मग आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत, ज्या एखादीला सणाच्या पंक्तीत, हळदीकुंकवात किंवा पूजेच्या पाटावर अजून जागा दिली जात नाही, तिला हाताला धरून आत आणू. भगवंताने तिचा अधिकार केव्हाच मान्य केला आहे. तो तिच्या हाती देणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.